भिवामामांची माणसं

रसायनशास्त्रातली पदव्युत्तर पदवी घेऊन मी पाटसच्या बाजूच्या एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत रुजू झाले, तेव्हा जगातल्या सर्व गोष्टी दोनच प्रकारांत मोडतात अशी माझी पक्की समजूत होती: ज्या मोजून झाल्या आहेत त्या, आणि ज्या अजून मोजायच्या राहिल्या आहेत त्या. पहिल्याच आठवड्यात या वर्गीकरणात न बसणारा एक लांबट लाकडी डबा माझ्यासमोर आला. मुळात तो काचेच्या नळ्या ठेवण्याचा डबा होता. आत कापसाच्या गादीवर नळ्यांच्या जागी बोटाएवढे प्लास्टिकचे पुतळे निजलेले होते. एक दरवान, एक आचारी, पाठीवर पाण्याची पखाल घेतलेला एक वाकलेला इसम, हातात पाना असलेला एक दुरुस्तीवाला. सगळे मिळून पंचवीस-तीस तरी असावेत.

"ही काय आहेत?" मी विचारलं.

"माणसं हायती," प्रयोगशाळेतले सर्वांत जुने मदतनीस भिवाजी कोळपे म्हणाले, आणि डबा माझ्या हातातून अलगद काढून घेऊन त्यांनी तो रसायनांच्या कपाटात, आम्लांपासून लांब, वरच्या फळीवर ठेवला.

सगळा कारखाना त्यांना भिवामामा म्हणत असे. मीही म्हणू लागले. ते पन्नाशी ओलांडलेले, उंच, काटकुळे गृहस्थ होते. मूळ गाव राहू. खाकी कोटावर चुन्याचे डाग, कानावर पेन्सिल, चष्म्याची एक दांडी दोऱ्याने बांधलेली. शिक्षण मॅट्रिकपर्यंत, परंतु उसाच्या रसाविषयी त्यांना जे ठाऊक होतं ते माझ्या पदवीच्या कोणत्याही वर्षात शिकवलेलं नव्हतं. रसाचा नमुना आला की ते त्यात करंगळी बुडवून जिभेला लावत, गोडीचा आकडा पुटपुटत, मग तो नमुना यंत्रावर ठेवत. दोन्ही आकडे जुळले की समाधानाने म्हणत, "यंत्र बरुबर हाय आज." यंत्राने मामांना तपासायचं की मामांनी यंत्राला, हा प्रश्न त्या प्रयोगशाळेत कधीच निकाली निघाला नाही.

आणखी एक सवय. नमुने पाच-सहा जागांहून येत. पहिल्या गिरणीचा रस सर्वांच्या आवडीचा, कारण त्याचे आकडे चांगले दिसत आणि वरिष्ठ तेच विचारत. मामा मात्र सुरुवात शेवटच्या गिरणीच्या पातळ, मळकट रसापासून करत. "पयल्याचं कवतिक करायला समदी हायती," ते म्हणत. "नासाडी कुठं झाली ते ह्यो सांगतोय." शास्त्रदृष्ट्या हे अगदी खरं होतं, म्हणून मी ती सवय उचलली.

डब्यातली माणसं 'आकाशगढ़ के रखवाले' नावाच्या एका चित्रमालिकेतली होती. परदेशी मालिका, हिंदी बोलणारी. त्या वर्षांत केबलवर रविवारी सकाळी लागत असे. ढगांवर तरंगणारा एक किल्ला, त्याचे पाच शूर रक्षक, आणि दर आठवड्याला एक नवा राक्षस, असा तिचा साचा. पाच रक्षकांचे पुतळे मुलांमध्ये सोन्यासारखे खपत. पण बनवणाऱ्यांनी किल्ल्यातल्या किरकोळ मंडळींचेही पुतळे काढले होते आणि त्यांना गिऱ्हाईक नव्हतं. भिवामामा फक्त हे किरकोळ लोक जमवत.

कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये टीव्ही होता. साप्ताहिक सुटी कोणालाही देऊन रविवारची सकाळची पाळी मामा मागून घेत, आणि नमुन्यांच्या मधल्या वेळात हातात कपबशी घेऊन टीव्हीसमोर उभे राहत. मी एकदा सोबत गेले. पडद्यावर रक्षक आणि राक्षस यांची घनघोर लढाई चालली होती. कॅन्टीनमधले फिटर, टर्नर, बिहारी हमाल सगळे "मार! मार साले को!" करत होते. मामा पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात बघत होते.

"पखालवाला पडला," ते हळहळले. "आन् कुणी उचलला बी न्हाई."

"ओ भिवामामा," बॉयलरवरचा एक जण ओरडला, "तिकडं जग बुडाया लागलंय आन् तुमी पाण्याची पखाल बघताय व्हय!"

"जग वाचल्यावर प्यायला पाणी लागंल का न्हाई?"

हशा झाला. मामाही हसले. आपल्याला लोक हसतात याचं त्यांना वाईट वाटल्याचं मी कधी पाहिलं नाही. त्यांच्या तोंडून त्या मालिकेची गोष्ट ऐकणं हा एक स्वतंत्र अनुभव होता. तीत राक्षस जवळजवळ नसतच. दरवानाला तीन आठवडे सुटी मिळालेली नाही, आचाऱ्याचा हात भाजलाय, दुरुस्तीवाला कधीच तोंड दाखवत नाही कारण त्याला दर वेळी पाठमोराच काढतात, अशा बातम्या ते देत.

पुतळे मिळवण्याची त्यांची रीत ठरलेली होती. दौंड स्टेशनबाहेर खेळण्यांचं एक चिंचोळं दुकान होतं. पगार झाला की मामा तिथे जात. त्यांना पाहताच दुकानदार आतून खोकं ओढत म्हणे, "या मामा! तुमचा मेलेला माल ठेवलाय बाजूला." खपत नाही तो माल त्यांच्या भाषेत मेलेला. एकदा मी गाडीची वाट पाहत तिथेच उभी असताना एका नव्या गिऱ्हाइकाने मामांना कौतुकाने विचारलं, "नातवाला का, बाबा?"

"न्हाई. मला," मामा म्हणाले आणि आचाऱ्याच्या टोपीवरची धूळ फुंकू लागले.

जे दुकानात नसे ते मुलांकडून. मामा एखादा शूर रक्षक विकत घेत आणि राहूच्या, पाटसच्या पोरांना तो देऊन त्याच्या बदल्यात त्यांच्याकडे नकोसा पडलेला एखादा दरवान घेत. पैसा मध्ये येऊ देत नसत. जनावराच्या बदल्यात जनावर, हा त्यांच्या मेंढपाळ घराचा जुना नेम. पोरांना वाटे, म्हाताऱ्याला फसवलं. मामांना वाटे, पोरं भाबडी आहेत. इतका दोन्ही बाजूंना समाधान देणारा व्यवहार मी नंतर कुठे पाहिला नाही.

हा संग्रह शास्त्रशुद्ध व्हावा असं मला वाटू लागलं. मी एक वही आखली: क्रमांक, नाव, रंग, उंची, मिळाल्याचं ठिकाण. मामांनी वही हातात घेतली, कौतुकाने पाहिली आणि परत दिली.

"लई ग्वाड अक्षर हाय, ताई. पर मोजायची न्हाईत."

"का?"

"मोजलं की घटतंय."

मग त्यांनी सांगितलं ते असं. त्यांच्या वडिलांपर्यंत घरात मेंढरं होती. संध्याकाळी कळप तळावर आला की मोजायचा नाही, ही घरची शिस्त. वडील वाघरीच्या तोंडाशी, म्हणजे जाळ्याच्या कुंपणाच्या वाटेशी, उभे राहत, मेंढरं पुढून आत जात आणि शेवटी वडील म्हणत, "काळ्या कानाची कुठं हाय?" शेकड्याने मेंढरं, पण कोण आलं नाही हे तोंडावरून कळे. "आकडा म्हंजी काय हो ताई? एक मेलं, एक जनमलं, आकडा त्योच. मेंढरू त्येच हाय का?"

हे विधान तपासून पाहण्याजोगं होतं. दुसऱ्या दिवशी मामा गिरणीकडे गेलेले असताना मी डब्यातून एक पुतळा काढून कोटाच्या खिशात टाकला आणि बाकीच्यांच्या जागा अदलाबदल केल्या. मामा आले, जेवणाच्या सुटीत डबा उघडला, एक नजर टाकली.

"झाडूवाल्याला कुठं धाडलंय?"

मी घड्याळाकडे पाहिलं. दोन सेकंदही लागले नव्हते. त्या आठवड्यात मी हा प्रयोग आणखी सहा वेळा केला. एकदा तर काहीच न काढता नुसतं बघत बसले. मामांनी डबा पाहिला, झाकला आणि म्हणाले, "आज काय केलं न्हाई व्हय? आजारी हाय का ताई?" मी माझी वही रद्द केली.

तरीही एक जागा रिकामी होती आणि ती मामांनी मुद्दाम रिकामी ठेवली होती: डब्याच्या उजव्या टोकाला, कापसात बोटभर खळगा. पुतळ्यांच्या पुठ्ठ्यामागे सगळ्या पुतळ्यांची छोटी चित्रं छापलेली असत. त्यांत अगदी खालच्या रांगेत, शेवटी, कंदीलवाला होता. मालिकेत तो एकदाच आला होता, आणि तोही काही क्षण: किल्ल्यातले लोक डोंगर ओलांडून दुसरीकडे निघाले आहेत, लांबलचक रांग चालली आहे, आणि सर्वांच्या मागे एक माणूस उंच काठीला कंदील लावून, चालता चालता मान वळवून मागे बघतो आहे. बस. त्याचा पुतळा दौंडला कधी आला नाही, शिरूरच्या बाजारात नाही, पुण्याहून माल आणणाऱ्यालाही मिळाला नाही. मामा चार वर्षं तो शोधत होते.

त्यांना खूश करण्यासाठी मी एक चूक केली. मामांकडे दोन झालेल्या दरवानांपैकी एक मागून घेऊन त्याचा भाला कापला, काचेची कांडी चिकटवली, टोकाला मेणाचा कंदील बसवला आणि तो मामांना दिला. मामांनी तो दोन्ही हातांनी घेतला. सगळीकडून पाहिला. "लई बारीक काम हाय," म्हणाले. पण डब्यात ठेवला नाही. त्याच्यासाठी काडेपेटीत कापूस घातला आणि ती डब्याशेजारी ठेवली.

"आत का नाही?"

"पाव्हणा हाय त्यो. पाव्हण्याला घरच्या कामाला लावत न्हाईत."

मला थोडं लागलं. तेव्हा मामांनी, प्रथमच, कंदीलवालाच का हवा त्याचं कारण सांगितलं. दिवाळी झाली की त्यांचे लोक मेंढरं घेऊन कोकणात उतरत. घोड्यावर बिऱ्हाड, पुढे वडील हाक घालत, मध्ये कळप, आणि सर्वांत मागे सात-आठ वर्षांचा भिवा. मागच्याचं काम एकच: कोण लंगडतंय, कोण बसलंय, कोणतं नवं कोकरू दमलंय ते पाहायचं आणि उचलून घ्यायचं. "पुढच्याला वाट दिसती. मागच्याला नुसती धूळ. पर म्या असतानी एक बी मागं ऱ्हायलं न्हाई." पुढे पाटाचं पाणी आलं, ऊस आला, वडिलांनी मेंढरं काढून टाकली, भिवाला शाळेत घातलं. मामांना याचं दुःख नव्हतं. ऊस त्यांना आवडे. "पर आमच्या कामाचं चित्तर म्या कुटं बघितलं नव्हतं," ते म्हणाले. "त्या दिशी टीव्हीत बघितलं. जवा त्यो मागं वळला ना, तवा म्या कपबशी खाली ठिवली."

यानंतर कंदीलवाला शोधणं हे माझंही काम झालं.

आता माझ्या निरीक्षणशक्तीचा पराभव नोंदवते. आमचं घर शिरूरचं, ख्रिस्ती. शेजारच्याच घरात माझी सुमनआत्या राहते. आयुष्यभर दवाखान्यात परिचारिका, आता निवृत्त. नाताळात ती पुढच्या खोलीत गव्हाणीचा देखावा मांडते: पेंढा, मातीची मेंढरं, मरिया, योसेफ, बाळ. त्यातला मातीचा मेंढपाळ माझ्या शाळेतल्या वयातच फुटला होता. पुढे, माझ्या कॉलेजच्या दिवसांत, मुलांच्या वॉर्डात कोणी विसरून गेलेला एक पुतळा तिने आणला, त्याला बँडेजच्या जाळीचा अंगरखा आणि मुंडासं बांधलं आणि मेंढपाळ म्हणून उभा केला. मी त्याला दर वर्षी पाहत होते. त्या डिसेंबरात मांडामांडीला मदत करताना मळलेली जाळी धुवायला म्हणून मी सोडली, आणि माझ्या तळहातावर कंदीलवाला उभा राहिला. कंदील तुटलेला, नुसती काठी. मान मागे वळलेली.

"हा कुठून मिळाला?"

"कुठून म्हणजे? वॉर्डातून. चांगला आहे, पण मेल्याचं लक्ष नाही," आत्या म्हणाली. "बाळाकडे तोंड करावं म्हटलं तर मान दुसरीकडे. मी पिळूनसुद्धा पाहिली, फिरत नाही. मग सगळाच उलटा ठेवते. तोंड बाळाकडे होतं, पाय तेवढे घरी चालल्यासारखे दिसतात."

सोमवारी मी मामांना सांगितलं. ते उसाच्या चिपाडाचं वजन करत होते. वजन पुरं केलं, आकडा लिहिला, पेन्सिल कानावर ठेवली आणि मग विचारलं, "पाय शाबूत हायती का?"

"आहेत."

"बाई देतील?"

मी म्हटलं, मी मागून आणते. मामांनी मान हलवली. जनावर घ्यायचं तर धन्याच्या दारात स्वतः जायचं, निरोपावर नाही.

नाताळच्या दुसऱ्या दिवशी दुपारी ते दौंडहून एसटीने आले. पांढरा सदरा, इस्त्री केलेला. हातात रुमालाची गाठोडी. त्यात पाचही शूर रक्षक, नवे, पुठ्ठ्यासकट. एकाच्या बदल्यात पाच. एवढा महाग सौदा मामांनी उभ्या जन्मात केला नसेल. स्टँडवरून घरी येताना मला म्हणाले, "न्हाई म्हणल्या तर काय करायचं, ताई?" त्यांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता.

आत्याने फराळ पुढे केला. मामांनी करंजी हातात घेतली आणि ती तशीच हातात धरून देखाव्यासमोर उकिडवे बसले. एकेक मेंढरू निरखलं. मग म्हणाले, "बाई, ह्यो माणूस पुढं नसतोय."

"मेंढपाळ पुढेच चालतो, मामा. पवित्र शास्त्रात आहे तसं. मेंढरं त्याचा आवाज ओळखतात आणि मागे येतात."

"व्हय, खरं हाय. त्यो पुढचा. माझा बा चालायचा पुढं. पर मागं बी एक असतोय."

"त्याचं काही लिहिलेलं नाही."

"लिवणाऱ्याला दिसला नसंल. धूळ लई असती मागं."

आत्या हसली. आयुष्यभर रुग्णांनी तिच्याशी वाद घातले होते. वाद घालणारा माणूस तिला आवडे. "मग दाखवा कुठे असतो तो."

मामांनी करंजी ताटलीत ठेवली, हात सदऱ्याला पुसले. कंदीलवाल्याला उचलला. मला वाटलं, आता मागतील. पण त्यांनी मेंढरांची रांग पाहिली, दोन मेंढरांमधलं अंतर कमी केलं, एकाचं तोंड फिरवलं आणि पुतळा रांगेच्या अगदी शेवटी, बाळापासून सर्वांत लांब ठेवला. आता त्याची पावलं गव्हाणीच्या दिशेने होती आणि नजर मागे, मोकळ्या पेंढ्यावर.

"बघा, तो आता कशाकडेच बघत नाही," आत्या म्हणाली.

मामा पेंढा चाचपू लागले. आत्या तीन पायांचं एक कोकरू दर वर्षी पेंढ्याखाली दडवून ठेवायची. फुटकं दिसायला नको, पण टाकवतही नाही म्हणून. ते त्यांच्या हाताला लागलं. त्यांनी ते पेंढ्याच्या काडीला टेकवून कंदीलवाल्याच्या मागे, चार बोटांवर, उभं केलं.

तेवढ्याने सगळं बदललं. मी कारण शोधणारी बाई आहे आणि कारण सोपं आहे: त्या मानेला लक्ष्य मिळालं.

आत्याने मग मामांच्या पायाशी ठेवलेल्या गाठोडीकडे पाहिलं आणि माझ्याकडे. मी तिला आधी काही सांगितलं नव्हतं, पण ती परिचारिका होती. माणसं काय मागायला आली आहेत हे ती त्यांच्या आधी ओळखत असे. "मामा, तुम्हाला हा हवाय ना? घेऊन जा. मी इथे दुसरं काही उभं करीन."

मामांनी पुतळ्याकडे पाहिलं, कोकराकडे पाहिलं.

"आता कसा न्हेऊ?" ते म्हणाले. "कामाला लागला त्यो."

जाताना गाठोडी आमच्या गल्लीतल्या पोरांनी रिकामी केली. पाच शूर रक्षक, फुकट. आरडाओरडा झाला. मामा ताटलीतली करंजी खात एसटी स्टँडकडे निघाले, आणि त्यांची चाल हलकी होती.

सुटीनंतर मी प्रयोगशाळेत गेले तेव्हा डब्यातला खळगा बुजवलेला होता. कापूस सारखा करून त्यावर पखालवाला ऐसपैस निजवला होता. "संच अपुराच राहिला की, मामा," मी म्हटलं.

"अपुरा कशाचा? त्यो कुठं हाय ते मला ठाव हाय. हरवलं कवा म्हणायचं, ठाव नसलं तर."

पुढल्या वर्षी मी संशोधनासाठी हैदराबादला गेले. तिथून नाताळला घरी आले ती न कळवता, भर दुपारी. आत्याच्या दारात ओळखीच्या चपला होत्या. आत मामा देखाव्यासमोर उकिडवे बसले होते, दाराकडे पाठ. आणि आत्या त्यांच्या डोक्यावर उभी राहून कुरकुरत होती.

"अहो, चहा निवतोय. आधी प्या. आणि मेंढरं नीट आहेत, मी मागच्या वर्षीसारखीच मांडलीत."

"न्हाई बाई. ही दोन पुढं-मागं झाल्याती. म्हातारी आधी, मग ही तरणी पाट."

"कोण म्हातारी? मातीची मेंढरं आहेत ती."

"तोंड बघा की तिचं."

आत्या खरोखरच वाकली आणि चष्मा सारून मातीच्या मेंढराचं तोंड पाहू लागली. मग म्हणाली, "शेजारणी विचारतात हो, सगळे बाळाकडे बघतात आणि हा एकटा मागे काय बघतोय. काय सांगू मी त्यांना?"

मामांनी म्हातारीला तिच्या जागी बसवलं. लंगड्या कोकराखालची काडी बदलून जाड घातली, बोटाने हलवून पाहिली. "सांगा," ते म्हणाले, "आजून एक यायचंय."

मी दारातच उभी राहिले. त्यांनी मागे हात करून चाचपडत बशी घेतली आणि नजर न काढता, फुर्र करून, निवलेला चहा पिऊन टाकला.